दाता क्रमांक एक

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला बेंबळा रुग्णालयातली एक फाइल सापडेनाशी झाली, आणि अकरापर्यंत ती चोरीला गेली असं ठरूनही गेलं.

हिरासिंग राठोड त्या वेळी फाटकात एका जीपवाल्याशी वाद घालत होते. रुग्णवाहिकेच्या जागेवर गाडी लावू नये, एवढी साधी गोष्ट ते तीन वर्षं लोकांना समजावत होते. त्याआधी बत्तीस वर्षं पोलिसात गेली, त्यातली चौदा गुन्हे शाखेत. निवृत्तीनंतर इथे सुरक्षा अधिकारी म्हणून लागले तेव्हा बायको म्हणाली होती, आता तरी डोक्याला ताप नाही. तिला ही जागा दाखवायला हवी होती.

फोन वाजला. रुग्णालयाचे संचालक डॉ. कपिल बोरकर होते. "राठोड, वर या. पहिली फाइल गेली."

"कोणती पहिली, सर?"

"पहिली म्हणजे पहिली. किडनीची. दाता क्रमांक एक."

कळंब रोडवरच्या या रुग्णालयात जानेवारी २००५ मध्ये पहिलं किडनी प्रत्यारोपण झालं. ते बोरकरांनी केलं होतं, तेव्हा ते पस्तिशीतले होते. ते धरून वीस वर्षांत त्रेसष्ट झाली. आता बोरकर या सगळ्याचा इतिहास लिहीत होते आणि तो जेवणाच्या सुट्टीत कर्मचाऱ्यांना वाचून दाखवत होते. शुक्रवारी परवान्याच्या नूतनीकरणासाठी मुंबईहून समिती येणार होती. समितीनं पहिल्या शस्त्रक्रियेचे दोन्ही कागद मागितले होते, किडनी घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे.

घेणारे बबनराव गावंडे, दारव्ह्याचे. देणारा त्यांचा धाकटा भाऊ गोविंदा. दोघांचा फोटो खालच्या मजल्यावर भिंतीवर होता. बबनराव खाटेवर, गोविंदा शेजारी उभा, आणि खाली मोठ्या अक्षरात 'भावाने दिले भावाला जीवन'. दरवर्षी अवयवदान दिनाला गोविंदाला शाल-श्रीफळ मिळायचं. वीस वर्षांत वीस शाली.

रेकॉर्ड रूममध्ये धम्मदीप मनवर हात बांधून उभा होता. तो तिथला लिपिक. त्याच्यासमोर गठ्ठे रचलेले होते.

"बबनरावची फाइल आहे," धम्मदीप म्हणाला. "गोविंदाची नाही. दोन हजार पाचचे गठ्ठे तीनदा पाह्यले."

"शेवटची कधी पाह्यली होती?"

"मी कधीच नाही पाह्यली. मी पंधरा साली लागलो."

"मंग ती होती कायवरून?"

"संगणकाच्या यादीत आहे."

हिरासिंगनी एक लांब श्वास घेतला. "मले बबनरावची फाइल दाखव."

"अर्ज लागन, साहेब."

"कोणाकडं अर्ज करू?"

"माझ्याकडंच. पण सही सरांची."

बोरकर दोन पावलांवर उभे होते. तरीही धम्मदीपनं कोरा नमुना काढून पुढे केला. बोरकरांचं लक्ष नव्हतं. ते हळूच म्हणाले, "राठोड, आधी गोविंदाकडे जा. सोमवारी तो इथे होता. रेकॉर्ड रूमच्या बाहेर मी स्वतः पाहिलं त्याला."

२

दारव्ह्यात गावंड्यांच्या खळ्यावर सोयाबीन निघत होतं. ऑक्टोबरचं ऊन, थ्रेशरचा आवाज आणि सगळीकडे कुटार, शेंगांचा भुसा, उडत होतं. बबनराव लिंबाखाली बाजेवर बसले होते. पासष्टी ओलांडलेला ठणठणीत माणूस. गोविंदा पन्नाशीचा. सोयाबीनचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेऊन तो ट्रॅक्टरकडे गेला आणि परत आला.

"सोमवारी दवाखान्यात काहून गेलतास?" हिरासिंगनी विचारलं.

"कार्यक्रमाचं इचाराले. समिती येऊन राह्यली म्हणे, तं भाषण करा लागन म्हणून."

"रेकॉर्ड रूमपाशी काय काम होतं?"

"तिथंच तं पाण्याची मशीन आहे, साहेब."

ते खरं होतं. मशीन कोणी तिथे बसवली देव जाणे. रुग्णालयात येणारा प्रत्येक माणूस दिवसातून एकदा रेकॉर्ड रूमपाशी उभा असायचा. म्हणजे संचालकांनी दिलेला पहिला धागा पाण्यात गेला होता, आणि त्यासाठी हिरासिंग चाळीस किलोमीटर आले होते.

निघता निघता त्यांनी सवयीनं एक प्रश्न टाकला. चोरीच्या तपासात साक्षीदाराला जे विचारायचं कारण नसतं ते विचारावं, हे त्यांना एका जुन्या फौजदारानं शिकवलं होतं.

"गोविंदा, किडनी कोणत्या बाजूची देली तू?"

"उजवी," गोविंदा म्हणाला.

"डावी," बाजेवरून बबनराव म्हणाले.

दोघं एकाच वेळी बोलले होते. थ्रेशर नेमकं त्याच क्षणी बंद पडलं. गोविंदानं मान खाली घातली, आणि बबनरावांनी गड्याला उगाचच हाक मारली.

३

बुधवारी हिरासिंगनी अर्ज भरला. नमुना दोन पानी होता. 'अर्जदाराचे रुग्णाशी नाते' या रकान्यात काय लिहायचं, यावर धम्मदीपशी दहा मिनिटं वाद झाला. शेवटी 'काही नाही' असं लिहिल्यावर फाइल मिळाली.

बबनरावांच्या फाइलमध्ये शस्त्रक्रियेचं टिपण बोरकरांच्या अक्षरात होतं. बत्तीस वर्षं शवविच्छेदनाचे अहवाल वाचलेल्या माणसाला डॉक्टरचं अक्षर अडत नाही. हिरासिंग एकेक ओळ बोटानं लावत गेले आणि तिसऱ्या पानावर थांबले.

दाता: कौसल्या भोयर. स्त्री. वय तेहतीस. रुग्णाची सख्खी बहीण. किडनी डावी.

त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग धम्मदीपला विचारलं, "तू गठ्ठे कोणते पाह्यले?"

"पुरुष शल्य विभाग. गोविंदा पुरुष आहे."

"अन् तुह्या संगणकात गोविंदाचं नाव कुठून आलं?"

"जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. मंग चौदा साली ठेकेदाराच्या पोरांनी यादी टाइप केली. पहिलं नाव त्यांनी..." धम्मदीप थांबला.

"भिंतीवरच्या फोटोवरून घेतलं."

"तसंच असन, साहेब."

हिरासिंगनी फाइल मिटली. ते उठले आणि स्त्री शल्य विभागाच्या रॅककडे गेले. जानेवारी २००५ चा गठ्ठा सर्वांत वर होता. आजूबाजूच्या गठ्ठ्यांवर बोटभर धूळ होती आणि यावरची पुसलेली होती. आतल्या फाइलींना क्रमांक होते. अकरानंतर एकदम तेरा.

म्हणजे फाइल खरोखरच कोणीतरी नेली होती. आणि ज्यानं नेली, त्याला ती बायकांच्या गठ्ठ्यात आहे हे ठाऊक होतं.

हिरासिंगनी गठ्ठ्याची नाडी उचलून उजेडात धरली. धम्मदीप सगळे गठ्ठे फुलगाठ मारून बांधायचा, दोन कान बाहेर ठेवून. या नाडीवर चपटी गाठ होती. दोन्ही टोकं सरळ, घट्ट, अंगाला न टोचणारी. पट्टी बांधतात तशी.

४

"हो, मला माहीत होतं," डॉ. बोरकर म्हणाले.

ते खुर्चीत मागे रेलले होते. टेबलावर त्यांच्या इतिहासाची छापील प्रत होती, मुखपृष्ठावर तोच फोटो.

"फोटो शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधीचा आहे. तेव्हा गोविंदाच देणार होता. पेपरवाल्यांनी बातमी छापली. ऐन सकाळी पाहतो तर खाटेवर गोविंदा नाही. आदिलाबादला मामाकडे पळून गेला होता. कौसल्याबाईच्या तपासण्या आम्ही राखीव म्हणून केल्या होत्या, परवानगीही घेतलेली होती. ती म्हणाली, माझी घ्या. म्हणूनच फाइल गेली म्हटल्यावर मला आधी गोविंदाचा संशय आला."

"अन् मंग बातमी दुरुस्त काहून नाही केली?"

"तिनंच सांगितलं होतं, नाव बाहेर येऊ देऊ नका. कळंबला तिची सासू होती. तिला सांगितलंच नव्हतं. नवऱ्यानं सही केली आणि आईला सांगितलं, माहेरी भावाची सेवा करायला गेली."

"सासू आहे का अजून?"

"मला कसं माहीत असेल?"

"म्हणजे तुम्ही इचारलं नाही."

बोरकरांनी छापील प्रत बाजूला सरकवली. मग जरा चिडून म्हणाले, "राठोड, तुम्हाला असं वाटतंय का, की फाइल मी लपवली?"

हिरासिंगना सकाळी तसंच वाटलं होतं. पुस्तक छापून तयार, वीस शाली देऊन झालेल्या, आणि खरं उघडं पाडणारी एक फाइल. शिवाय चपटी गाठ डॉक्टरलाही येते. पण ते दुपारभर फाटकात उभे राहून त्यावर विचार करत होते, आणि गणित जमत नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "ज्याले हे लपवायचं होतं, त्यानं बबनरावची फाइल आधी नेली असती. त्यात तुमच्याच हातानं बाईचं नाव लिहिलं आहे. तुम्हाले ते पाठ असन. गावंडे भावांना लपवायचं होतं म्हणा, तं त्यांना बायकांचा गठ्ठा कोणता अन् कुठला काय माहीत. मले वाटते सर, आपण उलटं पाहून राह्यलो. कोणाले काही लपवायचं नव्हतं. कोणाले तो कागद पाहिजे होता."

"वीस वर्षांपूर्वीचा कागद कुणाला हवा असणार?"

उत्तर धम्मदीपच्या टेबलाच्या खालच्या खणात सापडलं. हिरासिंगनी तीन महिन्यांतले नामंजूर अर्ज मागितले. धम्मदीपनं ते तारखेनुसार लावलेले होते. त्यात तीन अर्ज एकाच बाईचे होते. हिरव्या शाईतले, शाळेतल्या मुलीसारखं गोल अक्षर.

कौसल्या भोयर, कळंब. मी जानेवारी २००५ मध्ये आपल्या रुग्णालयात किडनी दिली आहे. त्याच्या कागदांची प्रत मिळावी.

"हे तुले दिसलं नाही?" हिरासिंगनी विचारलं.

"दिसलं ना. पहिल्या अर्जावर मी शेरा मारला, यादीत दाता म्हणून नाव नाही. दुसऱ्यावर, त्या तारखेचा दाता गोविंदा गावंडे. तिसऱ्यावर..." धम्मदीपचा आवाज बारीक झाला. "तिसऱ्यावर, खोटी माहिती देऊ नये."

"ते बाई इथं तीनदा आली."

"हो. बसने. तिसऱ्या वेळी पाण्याच्या मशीनपाशी बसून होती बराच वेळ."

"तिच्यापाशी कोण होतं?"

धम्मदीपनं आठवून सांगितलं.

५

विमलताई शस्त्रक्रिया विभागाच्या मुख्य परिचारिका होत्या आणि या महिन्याअखेर निवृत्त होणार होत्या. गुरुवारी सकाळी हिरासिंग त्यांच्या खोलीत गेले तेव्हा त्या कापसाच्या घड्या मोजत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बसा, राठोड भाऊ. कालच येसान वाटलं होतं."

"दोन हजार पाचमधे तुम्ही स्त्री शल्यमधे होत्या."

"होती."

"जुन्या कुलपांच्या चाव्यांचा जुडगा तुमच्यापाशी आहे."

"आहे."

"अन् त्या वक्तापासून आतापर्यंत इथं राह्यलेली माणसं दोनच. सर अन् तुम्ही. सरांनी नेली नाही, हे मी काल पक्कं केलं. राह्यली ते गाठ."

विमलताईंनी घडी खाली ठेवली. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती, नुसता कंटाळा होता. किती वेळा तेच सांगायचं असा.

"सोमवारी मी नेली," त्या म्हणाल्या. "चोरी म्हणा, काही म्हणा. मागच्या आठवड्यात कौसल्या मशीनपाशी बसली होती. मी तिले ओळखलं नाही भाऊ, तिनं मले ओळखलं. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले. तिची उरलेली किडनी चालली. एकाच्या आसपास पाहिजे ते क्रिएटिनिन सातवर गेलं. नागपूरच्या दवाखान्यानं सांगतलं, ज्यानं आधी किडनी देली त्याले प्रतीक्षायादीत वर घेतात, फक्त देल्याचा कागद आणा. अन् आपण तिले म्हणून राह्यलो, तू देलीच नाही."

"सरांना काहून नाही सांगतलं?"

"दोनदा सांगतलं. एका जुन्या पेशंटचा कागद पाहिजे म्हटलं. ते म्हणाले, समिती होऊन जाऊ द्या. कोणती पेशंट, हेही इचारलं नाही." त्या थांबल्या. "नागपूरची तारीख बुधवारची होती, कालची. अस्सल कागद दाखवा लागत होते. आज दुपारी फाइल जागेवर ठेवणार होती. समिती शुक्रवारी. मधे कोण पाह्यते इथं? धम्मदीपनं आजपर्यंत कोणतंच काम येळेच्या आधी केलं नाही. नेमकं हेच केलं."

हिरासिंगना हसू आलं आणि रागही आला. धम्मदीप पुरुषांच्या गठ्ठ्यात शोधत होता. म्हणजे विमलताईंनी हातही लावला नसता, फाइल जागच्या जागी असती, तरी ती मंगळवारी हरवलीच असती.

"आता कुठं आहे?"

"कळंबले. तिच्यापाशी."

६

कौसल्याबाईंचं घर कळंबला चिंतामणीच्या देवळामागच्या गल्लीत होतं. नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता, सासू त्याच्याही आधी. त्या शिवणकाम करायच्या. मशीनवर अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश होता. फाइल त्यांनी धुतलेल्या ओढणीत गुंडाळून ठेवली होती.

"नागपूरचं काम झालं?" हिरासिंगनी विचारलं.

"झालं, दादा. पाह्यले कागद. पण म्हणाले, दवाखान्याचं पत्र पाहिजे, का हेच ते बाई म्हणून. तुमच्या यादीत नाव जुळत नाही म्हणे." त्या पदरानं कपाळ पुसत होत्या. "आता पत्र कोण देईन मले?"

हिरासिंग बराच वेळ त्या गणवेशाकडे बघत बसले. पोलिसात असताना त्यांनी दरोडे पाहिले होते, खून पाहिले होते. त्यात निदान कोणावर तरी राग काढता यायचा. इथे कोणी कोणाचं वाईट करायला निघालं नव्हतं. एकानं बातमी तशीच राहू दिली, एकानं फोटोवरून नाव टाइप केलं, एकानं नियमानं शेरा मारला. आणि सगळ्यांनी मिळून एका बाईची किडनी पुसून टाकली होती.

"भावांना सांगतलं का तुम्ही?"

"नाही."

"काहून?"

कौसल्याबाई फाइल पुन्हा ओढणीत गुंडाळू लागल्या.

"उद्या तुम्ही स्वतः फाइल घेऊन या," हिरासिंग म्हणाले. "मी गाडी पाठवतो."

शुक्रवारी समितीच्या तीन डॉक्टरांसमोर बोरकर बसले होते. कडेला बबनराव आणि गोविंदा, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. कौसल्याबाई आत आल्या, मागे विमलताई आणि हिरासिंग. कौसल्याबाईंनी फाइल टेबलावर ठेवली आणि उभ्या राहिल्या.

समितीच्या प्रमुख बाईंनी पानं उलटली. "दाता या का? मग हे गृहस्थ कोण?"

गोविंदा उठला. त्याला भाषणासाठी बोलावलं होतं, आणि तो एवढंच म्हणाला, "मी पळून गेलतो, मॅडम." मग त्याला कोणीही खाली बसायला सांगितलं नाही, म्हणून तो तसाच उभा राहिला.

बाई पुढची पानं शोधत होत्या. घरी सोडल्याची तारीख, आठव्या दिवशी टाके काढल्याची नोंद, आणि त्यानंतर कोरं पान. "डॉक्टर, घेणाऱ्याची तपासणी दर तीन महिन्यांनी आहे, वीस वर्षं. देणाऱ्या बाईंना पुन्हा कधी बोलावलं?"

 बोरकरांनी रुग्णालयाचा कोरा कागद पुढे ओढला आणि स्वतःच्या हातानं पत्र लिहायला घेतलं. लिहिताना एकदा थांबून त्यांनी विचारलं, "सासरचं पूर्ण नाव सांगा, कौसल्याबाई," आणि तो प्रश्न ते पहिल्यांदाच विचारत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

बबनराव बहिणीकडे बघत होते. "एवढं झालं, अन् मले काहून नाही सांगतलं तू?"

"राखीले आलती तेव्हा माह्या पायाकडं पाह्यलं तू," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "म्हणला, वय झालं आता."

बबनरावांनी आता तिच्या पायांकडे पाहिलं.

समितीनं परवाना एका वर्षापुरता दिला आणि अट घातली, सगळ्या जिवंत दात्यांना शोधून त्यांची तपासणी करा. शोधण्याचं काम अर्थातच हिरासिंगकडे आलं. धम्मदीपनं बासष्ट पत्ते काढून दिले. त्यातले निम्मे चुकीचे होते, पण या वेळी त्यानं अर्ज मागितला नाही. बोरकरांनी पुस्तकाच्या प्रती खोक्यात परत भरल्या. विमलताईंना लेखी समज मिळाली आणि त्यांनी ती निवृत्तीच्या दिवशी सही करून स्वीकारली. कौसल्याबाईंचं नाव नागपूरच्या प्रतीक्षायादीत लागलं. यादीत वर असलं तरी यादी ती यादीच. आठवड्यातून दोन दिवस बबनराव त्यांना डायलिसिसला आणत आणि चार तास बाहेरच्या बाकावर बसून राहत.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी गोविंदा एकटाच आला. हातात डबा होता आणि पिशवीत कपडे. तिन्ही भावंडांचा रक्तगट एकच होता. डॉक्टरांनी त्याला तीन दिवस तपासण्यांसाठी दाखल व्हायला सांगितलं होतं. बहिणीला त्यानं अजून कळवलं नव्हतं.

हिरासिंग त्याला खोलीपर्यंत सोडायला गेले, पण दाराशी तो थांबला. त्याचा चेहरा घामानं भिजला होता.

"साहेब," तो हिरासिंगना म्हणाला, "तुम्ही इथं बसता का जरा? मी निंगालो तं धरा मले."

बत्तीस वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. फाटकात पुन्हा कोणीतरी रुग्णवाहिकेच्या जागेवर गाडी लावली होती, हॉर्न वाजत होते, आणि खिशातला फोन थांबत नव्हता. हिरासिंगनी तो बंद केला. त्यांनी एक खुर्ची ओढली, ती दाराच्या बरोबर मधोमध आडवी ठेवली, आणि बसले.